घाई तपासणारा माणूस

परदेशी पार्सल घेऊन आलेल्या माणसाला कुरियरवाले साधारणपणे विचारतात, कुठं पाठवायचं आणि आत काय आहे. मंडईमागचे काका मात्र चष्मा कपाळावर सरकवून आधी विचारायचे, "यात घाई कशाची आहे?"

माणूस गोंधळायचा. एक्स्प्रेसच्या दुकानात घाईचं कारण विचारणं म्हणजे खानावळीत भुकेचं कारण विचारण्यासारखं. पण तिथं ते विचारलं जायचं, आणि उत्तर पटलं नाही तर पार्सल परत मिळायचं. सोबत सल्लाही मिळायचा. "कोपऱ्यावरून उजवीकडे वळा, पोस्ट आहे. तिथं कुणालाच घाई नसते, तुमचं जमेल."

मंडईमागच्या गल्लीत, भांड्यांचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधल्या फटीत त्यांचं काउंटर होतं. एका मोठ्या एक्स्प्रेस कंपनीची एजन्सी. आत दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसऱ्याला गल्लीत थांबून ओरडत बोलावं लागायचं. साठी उलटलेली, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि गळ्यात सुतळीला बांधलेली कात्री. डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी ती कात्री असायची. कारण आलेलं प्रत्येक पार्सल ते कापून उघडत, मग ते कितीही नीट बांधलेलं असो. गल्लीतले लोक त्याला ऑपरेशन म्हणायचे. दुकानात एकही पाटी नव्हती. पाटीवर लिहिण्यासारखं सगळं ते तोंडीच बोलत.

मी त्यांच्याकडे गेले ते कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे प्रोजेक्ट म्हणजे नक्की काय करायचं असतं हे विचारायला घरी कुणी नव्हतं. मॅडमनी विषय दिला होता, 'जागतिक व्यापार आणि आर्थिक वाढीला चालना देण्यात एक्स्प्रेस वितरण सेवांची भूमिका'. हिंजवडीतल्या चकचकीत ऑफिसांत मला वॉचमननेच परत पाठवलं. इथं वॉचमन नव्हता. मी कागद पुढे केला आणि म्हणाले, "सर, मला थोडी माहिती हवी होती."

त्यांनी विषय मोठ्यानं वाचला. शेवटपर्यंत पोचायला त्यांनी मध्ये एकदा श्वास घेतला.

"एवढं लांब नाव एक्स्प्रेसनं पाठवायचं तर वजनाचे जास्त पडतील," ते म्हणाले. "आणि सर कुणाला म्हणतेस? मी तुला शिकवत नाहीये."

"सॉरी, काका."

"सॉरी कशाबद्दल? अजून तू काही केलेलं नाहीस. त्या स्टुलावर बस, आणि कुणी विचारलं तर सांग की तू इथली नाहीस. माझी बदनामी नको."

मी त्या स्टुलावर पुढचे दोन-अडीच महिने, कॉलेज सुटल्यावर, जाऊन बसत होते. वहीत जे लिहिलं त्यातलं अर्धं मॅडमना दाखवण्यासारखं नव्हतं.

आपण कुरियरचं दुकान चालवतो असं त्यांना वाटतच नव्हतं. जगाचा व्यापार आपल्या टेबलावरून जातो, आणि कुणीतरी जबाबदार माणूस तिथं बसायला हवा म्हणून आपण बसलोय, अशी त्यांची समजूत होती. मागच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. त्यावर पुणं ठळक नाही म्हणून त्यांनी स्वतः लाल स्केचपेननं ठिपका काढला होता. हात थरथरला असावा. तो ठिपका गुजरातपासून गोव्यापर्यंत पसरला होता आणि मुंबई त्यात बुडाली होती. "ठीक आहे," ते म्हणायचे, "विमानतळापुरती ती लागते."

जर्मनीतल्या लायपझिगविषयी ते असं बोलत, जसं माझी आई शेजारच्या गावाविषयी बोलते. लायपझिगला रात्री विमानं उतरतात, माल एकातून दुसऱ्यात जातो, पहाटे सगळी पुन्हा उडतात, हे त्यांना पाठ होतं. "आज लायपझिगला धुकं आहे," ते गिऱ्हाइकाला सांगत, "आपली पेटी जरा बसेल तिथं, चहा घेईल." हा माणूस स्वतः खडकवासल्याच्या पुढे फारसा कधी गेलेला नव्हता. पासपोर्टही नव्हता. मी एकदा भीत भीत विचारलं, परदेशात कधी गेला होता का. ते म्हणाले, "कशाला? मी गेलो तर इथून माल कोण पाठवणार?"

त्यांचा अर्थशास्त्राचा सिद्धांत मात्र मी नीट लिहून घेतला, कारण माझ्या प्रोजेक्टमधला कळलेला भाग तेवढाच होता. ते म्हणायचे, "चाकणला एखादं मशिन बंद पडतं. का? सुपारीएवढा एक तुकडा तुटला म्हणून. तो तुकडा जपानात मिळतो. पूर्वी काय करायचे? असे शंभर तुकडे आणून गोदामात भरून ठेवायचे आणि त्यावर उंदीर पाळायचे. आता तुकडा तुटला की फोन करतात, तिसऱ्या दिवशी तो येतो. म्हणजे गोदाम वाचलं, गोदामातला पैसा वाचला, उंदीर मेले. याला तुझ्या मॅडम आर्थिक वाढ म्हणतात." मग थांबून म्हणायचे, "उंदीर लिहू नकोस. मार्क जातील."

पण हे एवढं मोठं कार्य असल्यामुळे त्यात भलत्या लोकांची भलती पार्सलं घुसलेली त्यांना खपत नसत. खरी घाई आणि खोटी घाई असे घाईचे दोन प्रकार होते, आणि कोणती कुठली हे ठरवण्याचा अधिकार जगात फक्त त्यांना होता. कंपनीनं तो दिलेला नव्हता. कंपनीचा माणूस दर महिन्याला येऊन, बुकिंग का कमी झालं म्हणून रडायचा. ते त्याला चहा पाजून परत पाठवायचे.

एकदा गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी धावतपळत आली. टोरांटोला भावाला राखी पाठवायची होती, परवा पोचायला हवी होती.

"रक्षाबंधन कधी आहे?"

"परवाच ना काका."

"आणि हे तुम्हाला कधी कळलं?"

"काका, वर्कलोड खूप होता."

"पौर्णिमेलाही असतो. ती येते वेळेवर." राखीचं पाकीट त्यांनी तिच्याकडे सरकवलं. "असं करा, ही पुढच्या वर्षीची म्हणून आज पोस्टात टाका. आरामात पोचेल."

मुलगी रडवेली होऊन गेली. मला फार वाईट वाटलं, आणि हसूही आलं, आणि हसू आल्याचं पुन्हा वाईट वाटलं. त्या काउंटरवर माझं नेहमी असंच व्हायचं.

दिवाळीत फराळाचे डबे घेऊन येणाऱ्या बायकांची रांग लागायची, आणि त्या रांगेत सगळ्यांचे चेहरे तोंडी परीक्षेला बसल्यासारखे असायचे. ते डबा उघडत, चकली मोडून चाखत. "मोहन कमी पडलंय," ते एका बाईंना म्हणाले. "विमानानं पाठवली तरी ती तिकडे जाऊन खुसखुशीत होणार नाही." त्या बाई दुसऱ्या दिवशी खरंच नव्या चकल्या करून घेऊन आल्या. आता मी विचार करते, त्या का आल्या असतील? दुसरीकडे गेल्या असत्या तर कुणी काही बोललंही नसतं. पण पुण्यात अपमान करणाऱ्या दुकानदाराचा माल चोख असतो, असा एक विश्वास लोकांत आहे. या माणसाचं निम्मं दुकान त्या विश्वासावर चालत होतं. उरलेलं निम्मं चालतच नव्हतं.

त्यांना हरवताना तोवर मी एकाच माणसाला पाहिलं होतं. एक निवृत्त प्राध्यापक परदेशी मासिकाला लेख पाठवायला आले होते. त्या मासिकाला अजून छापील प्रतच लागत होती.

"यात घाई कशाची आहे?"

"विषय जुना होईल."

"किती वर्षं लिहीत होता?"

"अकरा."

"मग चार दिवसांत काय बिघडणार आहे?"

"चार दिवसांचं काही नाही," प्राध्यापक म्हणाले, "पण आपण असेच प्रश्न विचारत राहिलात तर बारावं वर्ष इथंच उभ्यानं लागेल."

काका हसले. खरंच हसले, दात दाखवून. आणि पार्सल घेतलं. त्या दिवशी मला त्यांच्या घाईच्या तपासणीचं गमक कळलं. जो उलट टोमणा मारेल त्याची घाई खरी. जो गयावया करेल किंवा वर्कलोड सांगेल त्याची खोटी. जागतिक व्यापार ज्या कसोटीवर चालला होता ती ही.

मला उलट बोलता येत नाही. आमच्या गावाकडच्या लोकांबद्दल ते जे बोलायचे त्यालाही मी कधी उत्तर दिलं नाही. हिंजवडीच्या पलीकडची मी, हे कळल्यापासून ते मला "जमीनवाले" म्हणत. "तुम्हा जमीनवाल्यांना कसली आलीये घाई? तुमच्याकडे तर रस्ताच पुढे सरकत नाही." लोक हसायचे. आमची जमीन आयटी पार्कात गेली तेव्हा मी पाचवीत होते. जे पैसे आले ते आजोबांच्या चार मुलांत वाटले गेले, आणि आमच्या वाट्याला राहिली ती गोठ्याची जागा. हे सांगावं असं मला खूपदा वाटलं. पण सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "मग गोठेवाले म्हणतो."

त्या गोठ्यात दादानं धातू कातायचं लेथ मशिन बसवलं होतं. आधी तो आयटीवाल्यांची बस चालवायचा. ती नोकरी सोडून त्यानं पितळेचे बारीक बुश बनवायला घेतले, म्हणजे मशिनमध्ये बसवायच्या पोकळ गोल कड्या. आईला ते पसंत नव्हतं. "बस चालवत होता तवा सांजच्याला घरी तरी येत व्हता," ती म्हणायची. काम तुरळक मिळत होतं. मग जर्मनीतल्या एका कारखान्याचा इमेल आला. नमुन्याचे पाच बुश पाठवा, अमुक सोमवारी आम्ही चाचणी घेणार आहोत, त्या दिवशी ज्यांचे नमुने हातात असतील त्यांचाच विचार होईल. तो इमेल मीच दादाला मराठीत वाचून दाखवला. बसच्या ठेकेदारानं त्याची जागा अजून भरली नव्हती आणि तो अधूनमधून फोन करायचा. हे काम हुकलं तर दादा परत बसवर जाणार आणि मशिन विकणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं.

दादानं बुश केले. आईनं ती पेटी गावच्या देवीपुढं ठेवली, आणि वरून लाल दोऱ्यानं सात गाठी मारल्या. आमच्याकडे देवीपुढं बांधलेली गाठ मुक्कामाला पोचल्याशिवाय सोडत नाहीत. मी मोठ्या अभिमानानं दादाला मंडईत घेऊन आले.

"यात घाई कशाची आहे?"

"पितळी बुश हायेत. सोमवारच्या आत पोचाय पायजे," दादा म्हणाला.

"का?"

"त्यांनी मागितलंय म्हणून."

"ते मागतील. उद्या तुमची लेथही मागतील, द्याल?" त्यांनी कात्री हातात घेतली. "उघडतो."

दादानं पेटी मागं ओढली. "उघडायची न्हाई. पितळ हाय आत, सांगितलं की."

"अहो, मग उघडायला काय हरकत आहे? पितळ उघडं पडेल म्हणून?"

रांगेतले दोघं हसले. दादाचा चेहरा बघवेना. मी मध्ये पडून म्हणाले, "काका, देवीपुढं बांधलेली आहे, ती सोडत नाहीत."

"मग देवीलाच पोचवायला सांगा," ते म्हणाले, आणि मागच्या माणसाला हात केला. "चला, पुढचे."

बाहेर येताच दादानं पेटी काखेत मारली. तो हिंजवडीतल्या दुसऱ्या कुरियरच्या काचेच्या काउंटरवर गेला. तिथल्या मुलीनं पेटी उघडली नाही, घाई विचारली नाही, उलट थँक यू म्हणाली आणि चॉकलेट दिलं. दादानं ते चॉकलेट घरी आणून मला दाखवलं. "याला सर्व्हिस म्हनतात," तो म्हणाला.

पेटी मुंबईच्या विमानतळावर अडकली. कागदावर नुसते पितळी बुश लिहिलेले होते आणि तपासणीच्या एक्स-रे मशिनमध्ये दिसली ती कसल्यातरी पावडरची पुडी. आईनं देवीचा अंगारा, हळदकुंकू आणि सुपारी आत ठेवली होती. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. पावडर तपासल्याशिवाय पेटी हलणार नव्हती. काचेच्या काउंटरवरची मुलगी अजूनही गोड बोलत होती. "सर, तुमचं तिकीट रेज झालंय," ती म्हणत होती. तक्रार नोंदवली एवढाच त्याचा अर्थ, पण दादाला कुठलं तिकीट ते कळेना.

सोमवार जवळ आला होता. दादाकडे जास्तीचे काही बुश होते, त्यांना शेवटची घासणी तेवढी बाकी होती. मी म्हणाले, मंडईत जाऊ. दादा नको म्हणाला. मी म्हणाले, "काका कसेही असू देत, पण त्यांच्याकडून गेलेली पेटी अडकल्याचं मी अजून बघितलं नाही." दादाला मी आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलत होते.

आधी मी एकटीच गेले. झालेलं सगळं सांगितलं. ज्या माणसानं आयुष्यभर वेळेचं मोल सांगितलं, त्यानं त्या दिवशी स्वतः बरोबर ठरल्याच्या आनंदात चांगला अर्धा तास घालवला. भांडीवाल्याला बोलावून ऐकवलं. झेरॉक्सवाल्याला ऐकवलं. "अंगारा," ते म्हणत होते, "मुंबईचे साहेब आता अंगारा कपाळाला लावून बघतील, गुण आला तर सोडतील." मी स्टुलावर मान खाली घालून बसले होते. शेवटी म्हणाले, "दुपारची गाडी पकडायची असेल तर पेटी घेऊन या. इथं बसून काय ती येणार आहे?"

पेटी घेऊन दादासोबत आईही आली. ती गाव सोडून पेठेत कधी येत नाही. तिनं पेटी पदराखाली मांडीवर धरली होती, आणि तिच्यावर पुन्हा लाल दोरा होता.

"पेटी टेबलावर ठेवा," ते म्हणाले.

"ठेवते की. आधी तुमी कोन ते कळू द्या. माझ्या पोराला हाकललं ते तुमीच का?"

"हाकललं नाही. उघडा म्हणालो."

"देवीपुढची गाठ सोडत न्हाईत."

"मुंबईत सोडली की त्यांनी. विचारलंही नाही तुम्हाला."

आईनं पदर बाजूला केला. मग पेटी टेबलावर ठेवून म्हणाली, "सोडा मग. पन कात्री लावायची न्हाई. हातानं सोडा."

मला वाटलं, आता ते पेटी परत करणार. पण त्यांनी कात्री सुतळीसकट मागं टाकली आणि नखांनी गाठी सोडायला घेतल्या. आईच्या गाठी म्हणजे बैलाच्या दाव्याच्या गाठी. रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. कुणीतरी मागून म्हणालं, "काका, यात घाई कशाची आहे ते आम्हालाही विचारा एकदा." त्यांनी वर बघितलं नाही. घाम पुसत, चष्मा वर-खाली करत, त्यांनी सातही गाठी सोडल्या. आत अंगाऱ्याची पुडी आणि सुपारी होतीच, वर प्रत्येक बुशाच्या भोकात कुंकू होतं.

"देवीला जर्मनीचा व्हिसा नाही," ते म्हणाले.

"तुमच्या गनपतीला हाय का?" आईनं त्यांच्या मागच्या कोनाड्याकडे बोट केलं. "सकाळपासनं त्यालाच उदबत्ती दावून पेट्या धाडताय नव्हं?"

त्यांनी मागं वळून गणपतीकडे बघितलं, जसं काही तो तिथं आहे हे आत्ताच कळलंय. मग एकेक बुश फडक्यानं पुसला. अंगाऱ्याची पुडी आणि सुपारी त्यांनी कोनाड्यात ठेवली. "इथून लक्ष ठेवू दे," ते म्हणाले. नवा कागद, नवा खोका, बुशांच्या मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या. सगळं भरून झालं, चिकटपट्टी हातात घेतली, आणि तेव्हाही ते थांबले.

"आता सांगा. यात घाई कशाची आहे?"

दादा दुसरीकडे बघू लागला. मला वाटलं, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, मी बोललं पाहिजे. मी म्हणाले, "लघुउद्योगांना जागतिक बाजारपेठेत प्रवेश मिळण्यासाठी नमुने वेळेत..."

"हे पुस्तकातलं आहे. तिकडे प्रोजेक्टात चिकटव."

"मी सांगते," आई म्हणाली. "हे सोमवारी पोचलं न्हाई तर माझं पोरगं परत बशीवर जातंय. आन् घाई कशाची म्हनून तुमी इचारताय. तुमच्या बुडाखाली खुर्ची हाय म्हनून इचारताय."

ते किंचित उठले, खुर्चीकडे बघितलं, परत बसले आणि खोक्याला चिकटपट्टी मारली. मग आईकडे बघत दादाला म्हणाले, "पुढच्या वेळी आधी यांना पाठवत जा."

पेटी सोमवारी सकाळी पोचली. तिथल्या स्वागतकक्षातल्या बाईंनी सही करून ती ताब्यात घेतली. मोबाइलवर ते दिसलं तेव्हा आईनं देवीला नारळ फोडला. आणि मग काहीच झालं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. दादानं दोन इमेल केले, मी एक केला. उत्तर नाही. बसचा ठेकेदार म्हणाला, शनिवारपर्यंत सांग, नाहीतर मी दुसरा माणूस घेतो. दादा रोज मशिन पुसून ठेवायचा आणि चालू करायचा नाही.

मी प्रोजेक्टवर सही घ्यायला मंडईत गेले. ते म्हणाले, "त्या पेटीचं काय झालं?" मी सांगितलं.

दादाचं ऐकून त्यांना वाईट वाटलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांना राग आला तो पेटीसाठी. "म्हणजे आमची पेटी तिकडे टेबलावर पडून आहे?" त्यांनी दोनदा विचारलं. "मुंबई, लायपझिग, पहाटेचं विमान, सगळं आम्ही वेळेत केलं, आणि ती पडून आहे?" पार्सलच्या पावतीवर घेणाऱ्याचा फोन नंबर असतो. त्यांनी तो काढला, नकाशाकडे बघून वेळ मोजली. तिकडे सकाळ झाली होती. मग ते उभे राहिले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"काका, नको," मी म्हणाले. "ते रागावतील. दादाचं काम जाईल."

"काम तसंही गेलेलंच आहे. बस खाली."

फोन लागला. पलीकडे तोच माणूस होता, इमेलवाला. मी डोळे मिटून घेतले.

"गुड मॉर्निंग," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "स्पीकिंग फ्रॉम पुणे. यू सेड मंडे. वी केम ऑन मंडे. व्हेअर वेअर यू?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिलं. त्यांनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "रजेवर गेला होता म्हणतो." पुन्हा फोन कानाला लावला. "आफ्टर टेलिंग मंडे टु होल वर्ल्ड, यू वेंट ऑन लीव्ह?" पुन्हा पलीकडून काहीतरी. भांडीवाला दारात येऊन उभा राहिला होता. "नो, नो सॉरी. ओपन द बॉक्स. आय विल वेट."

आणि ते खरंच थांबले. कानाला फोन, दुसऱ्या हातात कात्री, ताठ उभे. एक बाई पार्सल घेऊन आल्या, त्यांना काकांनी हातानंच थांबवलं. तिकडे परदेशात कुठंतरी एक माणूस उठून स्वागतकक्षात गेला असणार, खोका शोधला असणार. मला एवढंच कळत होतं की आमच्या घराचं जे काय व्हायचं ते या माणसाच्या अशा इंग्रजीवर अवलंबून आहे.

"येस," ते शेवटी म्हणाले. "फाइव्ह. नाऊ टेस्ट." आणि फोन ठेवून दिला. त्यांनी शर्टाचं बटण सोडलं, खाली बसले आणि त्या बाईंना विचारलं, "हं. यात घाई कशाची आहे?"

शुक्रवारी इमेल आला. बुश चाचणीत उतरले होते. पहिली ऑर्डर होती, मोठी नाही, पण दादाचं मशिन तीन-चार महिने चालेल एवढी. मी तो दोनदा वाचून दाखवला, आईसाठी तिसऱ्यांदा. दादानं ठेकेदाराला फोन केला, "दुसरा माणूस घ्या," एवढंच म्हणाला आणि गोठ्यात गेला. थोड्या वेळानं मशिनचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन मंडईत गेले. त्यांनी डबा उघडला, बोट लावलं नाही.

"माल किती?"

मी सांगितलं.

"कधी न्यायला येऊ?"

तेव्हा मला ते सांगावं लागलं, जे सांगायचं मी रस्ताभर टाळत आले होते. "काका, माल जहाजानं जाणार आहे. त्यांनीच लिहिलंय, दोन महिन्यांनी पोचला तरी चालेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग नकाशाकडे, मग त्या पसरलेल्या लाल ठिपक्याकडे. भांडीवाला पलीकडून म्हणाला, "घ्या. फोन तुमचा, माल दुसऱ्याचा." मला वाटलं, आता ते मला, दादाला, जर्मनीला, सगळ्यांना एका दमात काय काय बोलतील. मी सॉरी म्हणायला तोंडही उघडलं.

त्यांनी एक पेढा उचलला, नीट मधोमध मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि अर्धा परत डब्यात ठेवला.

"माल अजून तुमच्या गोठ्यात आहे आणि पेढे मंडईत पोचले," ते चघळत म्हणाले. डब्याला झाकण लावून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "हा अर्धा जहाज तिकडे लागल्यावर खाईन. तोवर सांभाळ."